डुकरांच्या दारातला राजा

आमचे बिशप फ्राय वेरेमुंदो जिवंत माणसांची नावं विसरत, मेलेल्यांची कधीच नाही. मी त्यांचा चॅप्लेन, म्हणजे खासगी पाद्री, पण वर्षानुवर्षं ते मला माझ्याआधीच्या चॅप्लेनच्या नावानं हाक मारत. त्यांचं घर सांभाळणारी विधवा बहीण, दोन्या ग्रासियाना, म्हणायची, "दादाच्या लक्षात राहायचं असेल तर आधी मरावं लागतं. तेही शेकडो वर्षांपूर्वी!"

त्यांनी आमच्या नवारा राज्याच्या जुन्या राजांचा जाडजूड इतिहास लिहिला होता. राजा बेलास्कोला आमच्याच कॅथेड्रलमध्ये पुरलंय, असं त्यात ठासून सांगितलं होतं. झालं! बायका त्या थडग्यावर मेणबत्त्या लावू लागल्या. दातदुखीला हमखास गुण येतो म्हणे.

मग एका वसंतात आम्ही डोंगरातल्या एका खेड्यात पोरांच्या दृढीकरणाच्या संस्काराला गेलो. पवित्र तेल लावून घ्यायला पोरं न्हाऊनमाखून रांगेत उभी होती. बिशप खेचरावरून उतरले आणि थेट ओसाना नावाच्या बाईच्या डुकरांच्या गोठ्याकडे निघाले. उंबऱ्याच्या दगडावर अक्षरं दिसली होती. झग्यासकट गुडघे टेकून ते चिखल पुसू लागले.

ओसाना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बिशपबाबा, तेल पोरांना लावायचंय. माझी डुकरं आहेत तशीच बरी आहेत."

"थांब गं बाई! 'येथे विसावला... राजा... बेलास्को...'" त्यांनी मान वर केली. "हा दगड कुठनं आणलास?"

"मागच्या पडक्या देवळातनं. सासऱ्यांनी आणला. खाली हाडं होती, ती पुन्हा नीट पुरली हो. आम्ही काही रानटी नाही."

बिशपांनी दगड मागितला. ओसाना म्हणाली, आधी पोरांचं उरका, मग मला ओकचा नवा उंबरा बसवून द्या. दोन्ही झालं.

परतताना मी हळूच म्हणालो, "स्वामी, दगड परत ठेवू या का? डुकरं काही कुणाला सांगायची नाहीत."

"ती नाही सांगणार. पण मी वाचलंय ना, मार्टिन."

माझं नाव मार्टिन नाही. पण ती सांगायची वेळ नव्हती.

रविवारी ते व्यासपीठावर चढले. "मी चुकलो. बेलास्को इथे नाही. इथे कोण आहे, मला ठाऊक नाही."

मग मागून पाव विकणारी तोदा ओरडली, "अहो, मग माझी दाढ कुणी बरी केली?"

सगळं कॅथेड्रल हसलं. बिशपही हसले, डोळे पुसत. "देवानं केली असेल गं. नाहीतर लोहारानं उपटली असेल!"

"उपटली नाही! ही बघा!" म्हणून तिनं भर प्रार्थनेत तोंड उघडून दाखवलं.

कॅथेड्रलचे पुरोहित महिनाभर बिशपांशी बोलले नाहीत. दोन्या ग्रासियानाचा त्रागा वेगळाच. "म्हणजे ते पुस्तक पुन्हा लिहिणार? दादा, अरे, राजे मेले तरी तुला सोडत नाहीत!"

त्यांनी पुन्हा लिहिलं. बायकांनी मात्र मेणबत्त्या लावणं थांबवलं नाही. राजा नसला म्हणून काय झालं, बिचाऱ्याला कुणीच नाही, असं त्यांचं म्हणणं. एका दुपारी मी पाहिलं, बिशप त्या थडग्यापाशी ओणवे होऊन विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवत होते. मला पाहताच लाजले आणि म्हणाले, "वारा फार आहे इथे."