सगळ्या गावाचा एकच पेशंट

मी नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्या गावात माझ्या वयाच्या बायका घेत नाहीत, आणि त्यात मला काही कमीपणाही वाटत नाही. पण आमगावच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने त्या वर्षी आमच्या ह्यांचं नाव इतक्यांदा घेतलं, की माझ्या वाट्याचंही घेऊन झालं असेल. दुलीचंदजी, उद्या अकरा वाजता या. दुलीचंदजी, गोळ्या संपल्या असतील. दुलीचंदजी, तुमची सोनोग्राफी मंगळवारी आहे.

सोनोग्राफी आमच्या गावातल्या तिलकच्या बायकोची होती, फुलवंताची. तिला सातवा महिना लागला होता.

हा घोळ झाला कसा, ते सांगते. लक्ष्मीचंद डॉक्टरांच्या काळात दवाखान्याची रीत सोपी होती. पहाटेच्या गाडीने आमगावला जायचं, दवाखान्याच्या दारात आपली चप्पल रांगेत लावायची आणि अनवाणी चहा प्यायला निघून जायचं. चप्पल आपला नंबर धरून ठेवायची. मग त्यांचा मुलगा टिकेश नागपूरहून डॉक्टर होऊन आला. त्याने रांग बंद केली, कॉम्प्युटर आणला, रक्त तपासायचं यंत्र आणलं. आता घरून फोन करा, वेळ घ्या, मेसेज येईल, त्याच वेळेला या. म्हातारे डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं बघत, आणि त्यांना मजा वाटत असे.

टिकेशचा विचार चांगलाच होता, पण आमच्या गावात रेंज एकाच ठिकाणी होती, आमच्या दुकानाच्या ओट्यावर. मोबाईल होते, तरण्या पोरांच्या खिशात होते, पण ती पोरं दिवसभर धानाच्या बांधीत नाही तर नागपूरला कामाला. मग दवाखान्यात नंबर विचारला की जो तो आमच्या दुकानाचा नंबर सांगायचा. सगळ्यांना तो पाठच होता. कॉम्प्युटर माणूस ओळखायचा नंबरावरून, आणि त्या नंबरावर पहिलं नाव चढलं ते ह्यांचं. त्यामुळे पुढे जो कोणी गेला, तो ह्यांच्याच खात्यात जमा झाला. गावाला त्याचं काही वाटलं नाही. गावाचं म्हणणं, मेसेज पोचल्याशी मतलब.

आणि मेसेज पोचायचे. मेसेज असायचे हिंदीत, अक्षरं इंग्रजी, ती वाचणारं ओट्यावर एकच माणूस. हे तराजू टाकून उठायचे आणि ज्याचा मेसेज त्याच्या दारात जायचे. कोणाचा आहे ते बरोबर ओळखायचे. बायकांचं काही असलं तर बाहेर उभं राहून खोकायचे, सासूला हाक मारायचे आणि तिच्याच कानी घालायचे. कोणाला काय झालंय ते मलासुद्धा सांगायचे नाहीत. मी चिडायची. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि मालक कोणाच्या तरी थायरॉईडच्या मागे गावभर. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमानही वाटायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. ह्यांचा शर्ट सैल पडायला लागला होता. रात्री पाण्याचा तांब्या रिकामा, सकाळी पुन्हा घटाघटा पाणी. रात्री दोनदा-तीनदा उठणं. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवा. त्यांचं उत्तर ठरलेलं, उन्हातान्हात फिरून तहान लागते. आणि साखर-चहापत्ती तोलता तोलता गुळाचा खडा तोंडात.

भादव्यात टिकेश डॉक्टरने साखर तपासायचं शिबिर ठेवलं. हे गावातली माणसं गोळा करून काळीपिवळी जीपमध्ये भरून घेऊन गेले. सगळ्यांना उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, म्हणून स्वतःही चहा न पिता गेले. परत आले ते हसत, की सगळ्यांचं रक्त काढून झालं, रुख्मा काकू सुईला भीत होती, पण तीही शेवटी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. दुलीचंदजी, आपकी शुगर बहुत बढ़ी हुई है, आज ही आइए.

मेसेज ह्यांनी दोनदा वाचला. कोणाचा असेल ते ह्या वेळी कळेना. शिबिराला गेलेल्यांपैकी कोणाचाही असू शकत होता. त्यांनी दवाखान्यात फोन लावला. टेबलावर बसणारी ओमेश्वरी म्हणाली, दुलीचंदजींचा रिपोर्ट आहे. हे म्हणाले, बाई, तुमच्याकडे सगळेच दुलीचंद आहेत, ह्यातला कोणता? ती म्हणाली, माझ्या स्क्रीनवर एकच दिसतो. डॉक्टर पेशंट तपासत होते. तिने सांगितलं, ज्याचा असेल त्याला आजच आणा, साखर चांगली नाही.

मग ह्यांनी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं. लग्न होऊन आल्यापासून मी ते कधी पाहिलं नव्हतं. घरोघरी गेले आणि विचारत सुटले, तहान लागते का, पायाला मुंग्या येतात का, रात्री उठता का. असं विचारलं की कोणालाही तहान लागतेच. सुखरामने हातातला चहा तिथेच ओतून दिला. चैतराम, जो आजही धानाचं पोतं एकट्याने उचलतो, तो म्हणाला की मला आताच चक्कर आल्यासारखं वाटून राहिलं. शेवटी ह्यांनी ठरवलं, सगळ्यांनाच गाडीत घालायचं. ज्याचं असेल त्याचं तिथे कळेल, पण माणूस आज डॉक्टरपुढे गेला पाहिजे.

सगळे ओट्यावर जमले. काळीपिवळी येऊन थांबली. हे एकेकाला बसवत होते, आणि मी दारात उभी राहून बघत होते. सैल शर्ट, कपाळावर घाम, मधूनच घडवंचीवरचं पाणी. मला रात्रीचा रिकामा तांब्या आठवला. पण ह्यांनी रक्त दिल्याचं मला कुठे माहीत होतं!

रुख्मा काकू गाडीत एक पाय टाकून थांबली.

"काऊन जी, तुमी नाई बसत का?" तिने विचारलं.

हे म्हणाले, मी कशाला, मी त पोचवायले येऊन राहिलो.

"पहिली सुई त तुमीच टोचून घेतल्या ना? पाह्य काकू, काई दुखत नाई, म्हनल्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

"ते त तिले दाखवासाठी होतं," हे म्हणाले. "माही तपासनी थोडीच होती ते."

मला इतका राग आला, की सांगता सोय नाही. गावभराच्या दारात जाऊन तहान लागते का विचारत होता हा माणूस, आणि घरातला तांब्या रात्रीतून रिकामा होत होता तो कोणी केला, हे त्याला आठवलं नाही. मी ओट्यावरून खाली उतरले. ह्यांनी आता दुसरी वाट धरली. म्हणे त्या कॉम्प्युटरचा काय भरवसा, त्याच्यात सगळ्या गावाचं रक्त एका खात्यात आहे, कोणाचं काय निघालं कोणाला माहीत. आणि मी गेलो तर फोन कोण उचलेल?

"फोन मी उचलीन," मी म्हटलं. "तुमी गाडीत बसा."

आणि मीही बसले. फोन माझ्या मुठीत. आता खरं तर बाकीच्यांनी जायचं काही कारण उरलं नव्हतं, पण कोणी उतरेना. सुखराम म्हणाला, आमच्यासाठी तुम्ही दुकान बंद केलं, आम्ही काय घरी बसू? चैतरामची चक्कर गेली होती, तो मागे दाराला लटकून आला.

वाटेत हे माझ्याकडे सरकले. गाडीच्या आवाजात दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही.

"मले भेव लागून राहिला वो," हे म्हणाले.

माझा सगळा राग तिथेच उतरला. मी त्यांचा हात धरला. चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदा धरला, आणि कोण बघतंय त्याची फिकीर केली नाही.

दवाखान्यात ओमेश्वरी आम्हाला बघून घाबरली. तिच्याकडे दुलीचंद नावाच्या एका माणसासाठी दहा मिनिटांची वेळ होती, आणि दारात गाडीभर लोक उभे होते. टिकेश डॉक्टर बाहेर आला आणि विचारू लागला, की ह्यातले पेशंट कोण.

कोपऱ्यातून लक्ष्मीचंद डॉक्टर म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरले विचार. त्याच्या हिशोबानं हे सबन दुलीचंदच आहेत."

टिकेशने आम्हाला आत घेतलं आणि खातं उघडलं. वाचता वाचता त्याने चष्मा काढून पुसला. मग आमच्या ह्यांना म्हणाला, की काका, ह्याच्यानुसार तुम्हाला गुडघेदुखी आहे, थायरॉईड आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि दिवाळीच्या सुमारास बाळंतपण आहे. इतकी भीती पोटात असूनही हे हसले. मी तर पदर तोंडाला लावला.

पण बोटाला सुई टोचून त्याने छोट्या यंत्रात थेंब घातला, तेव्हा कोणी हसलं नाही. आकडा आला. तोही कालच्या रिपोर्टसारखाच खूप वाढलेला होता, म्हणजे रक्त ह्यांचंच होतं. टिकेशने डोळे पाहिले, पायाला बोटं लावून विचारलं, कळतं का. कळत होतं. तो म्हणाला की वेळेत आलात, अजून वर्षभर असंच गेलं असतं तर पाय आणि डोळे दोन्ही हातचे गेले असते. आता गोळ्या, चालणं, रात्रीचा भात निम्म्यावर, आणि गूळ बंद. बाहेर दाराला कान लावून बसलेल्या मंडळींनी ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून आमच्या दुकानात ह्यांच्या हातात गुळाचा खडा दिसला की कोणीही ओरडायचं.

मग टिकेश सगळी कामं टाकून ओमेश्वरीच्या शेजारी बसला आणि ते खातं सोडवायला लागला. एकेकाला बोलावून ज्याचा आजार त्याच्या नावावर केला. चैतरामच्या नावावर काहीच निघालं नाही, तो जरा नाराज झाला. शेवटी आमच्या ह्यांची पाळी आली. नंबर विचारला तर हे दुकानाचाच सांगायला लागले.

"नाही काका," टिकेश म्हणाला. "त्या फोनवर आलेला मेसेज तुम्हाला स्वतःचा वाटतच नाही. दुसरा नंबर द्या."

दुसरा नंबर होता कुठे? मी म्हटलं, लिहायची जागा रिकामी ठेवा, आलेच. आमगावच्या बाजारातून मी माझ्यासाठी मोबाईल घेऊन आले आणि टिकेशला सांगितलं, ह्यांचे मेसेज ह्याच्यावर पाठवायचे, आणि अक्षरं आपली ठेवायची, मी सातवीपर्यंत शिकलेली आहे. त्याने माझं नाव विचारून घेतलं आणि टाकलं. शामकलाबाई, मार्फत.

पुढचे तीन महिने मी काय काय केलं ते ह्यांनाच विचारा. तांदळाच्या डब्यावर माझा पहारा. पहाटे कालव्याच्या पाळीवरून ह्यांना चालायला लावायचं, पुढे हे आणि मागे मी. हे कुरकुरायचे, मी ऐकायची नाही. शर्ट पुन्हा अंगावर बसायला लागला, रात्रीचा तांब्या सकाळी भरलेला सापडायला लागला. तरी पुन्हा रक्त देऊन आलो, तेव्हा माझ्या जिवात जीव नव्हता.

धानाची कापणी होऊन खळ्यावर चुरणं, म्हणजे मळणी, चालू होतं. माझ्या फोनची कंपनी वेगळी, त्याला रेंज कुठे लागते ते मी शोधून ठेवलं होतं, आमच्या मागच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली, फोन हात वर करून धरला तर. मेसेज आला. मी तो तिथेच वाचला, मग पुन्हा वाचला, आणि पळत सुटले. पायात चप्पल नव्हती, हाताला शेण लागलेलं होतं. दुकानात गर्दी होती. हे तराजूत डाळ घालत होते. मी धापा टाकत समोर उभी राहिले, हातात फोन.

ते बघून ह्यांनी तराजू खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या, निघायच्या तयारीने.

"कोनाचा मेसेज आला वो?" त्यांनी विचारलं.

"तुमचा," मी म्हटलं. "साखर बराबर आली. आता डॉक्टर म्हनते, असंच राहू द्या."

ह्यांनी चपला परत काढून ठेवल्या. गावातल्या प्रत्येकाला मेसेज वाचून दाखवणारा हा माणूस, त्याने दोन्ही हात जोडले, आणि म्हणाला की पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला. ह्या वेळी सगळ्यांसमोर, मोठ्याने, अगदी पहिल्या शब्दापासून, आणि पहिला शब्द ह्यांचं नाव होता.