राहिलेल्या कामांचा खण

हमझाने अंदाजपत्रकावरचा मजुरीचा आकडा तिसऱ्यांदा खोडला आणि सवयीने खालचा कार्बनपेपर उचलून पाहिला. दुसऱ्या प्रतीवरही तिन्ही आकडे आपापल्या काटांसकट उमटले होते. सोळा हजार, बारा हजार, आठ हजार. चौथा लिहायला त्या ओळीत जागाच उरली नव्हती.

“हमझाभाई, तुम्ही मजुरी शून्य केलीत तरी चौपन्न हजार पाचशे होतात,” समोर स्टुलावर बसलेली नीरजा म्हणाली. “माझ्याकडे पन्नास आहेत. मी उलटं वाचतेय, पण बेरीज बरोबर आहे.”

ती ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची, तेव्हा तिच्याशी बेरजेवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. रोज सकाळी पालीहून आपल्या जुन्या जिप्सीने ती रत्नागिरीला यायची, आणि कुवारबावच्या चढावर हमझाच्या गॅरेजसमोरून जाताना एक हॉर्न द्यायची. ती गाडी तिने सैन्याच्या लिलावात घेतली होती. गेल्या जानेवारीत घाट चढण्याची एक शर्यत झाली, त्यात ही बाई चौथी आली. तिसऱ्याच्या मागे अडीच सेकंद. तेव्हापासून ते अडीच सेकंद तिच्या पायात काट्यासारखे सलत होते, आणि आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती इंजिनाला नवा कॅमशाफ्ट घालायचा खर्च विचारायला आली होती.

कॅमशाफ्ट म्हणजे हातभर लांबीचा, अंगावर उंचवटे असलेला पोलादी दांडा. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, ते हा दांडा ठरवतो. उंचवटे जरा वेगळ्या आकाराचे केले की इंजिन खोल श्वास घेतं आणि चढावर जोरात पळतं. ऐकायला सोपं आहे. पण एकट्या दांड्याने भागत नाही, त्याच्यामागून सगळं वऱ्हाड येतं, आणि ते हमझाने आपल्या गोलगोल अक्षरात कागदावर उतरवलं होतं. कोइंबतूरहून मागवायचा कॅमशाफ्ट, सत्तावीस हजार. झडपांच्या कडक स्प्रिंगा, साडेआठ. गॅस्केटचा सेट, टायमिंग बेल्ट, ऑइल आणि सील, कार्बोरेटरचे जेट, आणि कोल्हापूरला जाऊन इंजिनाच्या हेडचं मशिनिंग.

“स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या तर?” नीरजाने विचारलं. “साडेआठ तिथेच सुटतात.”

“नाय मॅडम.”

“मजुरीचे आठसुद्धा तुम्ही खोडलेत, मग स्प्रिंगांवर का अडताय?”

“मजुरी माझी आहे, मी काय वाटेल ते करीन. स्प्रिंग तुमची. नवा कॅम झडपेला जोरात ढकलणार, जुनी स्प्रिंग तिला वेळेवर परत घेणार नाय. भर घाटात इंजिनाची खिचडी होईल. मग तुमी याल, विचाराल, हमझाभाई, हे काय केलंत?”

नीरजा हसली, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तिने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

“शुक्रवारपर्यंत बघते,” ती म्हणाली. “नाहीतर पुढच्या वर्षी.”

ती गेली आणि हमझाने कार्बनची प्रत खिळ्याला अडकवली. पुढच्या वर्षी हे दोन शब्द त्याच्या चांगले ओळखीचे होते. शारजाला एकोणीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. वाळूच्या टेकड्यांवर गाड्या पळवणारे शौकीन लोक लांबलांबून त्याच्याकडे यायचे आणि त्याला उस्ताद म्हणायचे. इथे परत आल्यापासून रिक्षांचे ब्रेक, टेम्पोचे क्लच आणि आंब्याच्या दिवसांत बागायतदारांच्या पिकअप. त्याची तक्रार नव्हती. पोटापुरतं मिळत होतं, उधारी बुडवणारे थोडे होते, आणि संध्याकाळी भाट्याच्या पुलावर वारा खायला वेळ असायचा. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याला त्याचं खरं काम विचारलं होतं. येत्या मार्चला त्याला साठ पूर्ण होणार होती. हे काम त्याला हवं होतं, लहान मुलाला जत्रेतली शिट्टी हवी असते तितकं हवं होतं, आणि म्हणूनच त्याने मजुरीवर तीनदा काट मारली होती.

आणि एक गोष्ट त्याने नीरजाला सांगितलीच नव्हती. सत्तावीस हजारांचा तो दांडा त्याच्या घरी होता.

शारजा सोडताना त्याने स्वतःसाठी तो करवून घेतला होता. जिप्सीचंच इंजिन तिथल्या लहान जीपलाही असायचं. गावी जायचं, एक जुनी जिप्सी घ्यायची, तिला हा कॅम घालायचा आणि फातिमाला शेजारी बसवून आंबा घाट चढायचा, असा साधा बेत होता. बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला तो दांडा पाहून फातिमा म्हणाली होती, “एकोणीस वर्षांनी आलात आणि माझ्यासाठी लाटणं आणलंत? ते पण खडबडीत?” मग मुलीचं लग्न निघालं, मग गच्चीचा स्लॅब, मग गॅरेजची अनामत, आणि जिप्सी दर डिसेंबरला पुढच्या वर्षावर गेली. दांडा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पडला. पहिल्या पावसाळ्यापासूनच हमझाने पेटी उघडायचं सोडून दिलं. कोकणातल्या चार महिन्यांत कपाटातल्या चपलेलाही बुरशी येते, तिथे लोखंडाचं काय होत असेल ते त्याला पाहायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज मात्र त्याने दीड वाजता शटर ओढलं आणि स्कूटर थेट राजिवड्याला, घराकडे घेतली.

फातिमा पुढच्या खोलीत मशीनवर बसली होती. ती मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवायची, आणि नवरा परदेशात असताना याच मशीनवर तिने घर ओढलं होतं. हमझा तसाच आत गेला. त्याने शिडी लावली, माळ्यावर चढला, पेटी पुढे ओढली आणि डोळे बारीक करून झाकण उघडलं.

पेटीत जुन्या चादरी होत्या, एक फुटका थर्मास होता, आणि त्याच्या शारजाच्या कामाचा निळा शर्ट होता. दांडा नव्हता.

त्याने चादरी एकेक झटकून पाहिल्या. रमजानच्या आधी घर साफ करताना फातिमा दर वर्षी भंगारवाल्याला बोलावते, हे त्याला आठवलं. तीन किलो लोखंड. भंगारवाल्याने पाऊणशे रुपये दिले असतील.

“काय शोधताव?” खालून फातिमाचा आवाज आला.

“काय नाय.”

“काय नाय शोधायला कुणी शिडी लावत नाय.”

हमझा केसांत जाळी-जळमटं घेऊन खाली उतरला. “पेटीत एक दांडा होता.”

“ते लाटणं?”

“हां. भंगारात दिलंस?”

आवाज त्याने शक्य तितका साधा ठेवला होता, पण फातिमाने पायडलवरचे पाय थांबवले. तिने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, दोरा कापला, सुई वर घेतली आणि उठून आपलं शिवणाचं कपाट उघडलं.

त्या कपाटाला तीन खण होते आणि तिन्हींचे कायदे ठरलेले होते. वरच्यात तयार कपडे, मधल्यात हातात घेतलेलं काम, आणि खालच्यात राहिलेली कामं. प्रत्येक बोचक्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली: नाव आणि द्यायची तारीख. फातिमाने दिलेली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळा राजिवडा मानत असे. ईदच्या कपड्यांसाठी तिने आजवर कुणाला चाँदरातीपर्यंत लटकवलेलं नव्हतं.

ती खाली बसली, खालच्या खणात कोपरापर्यंत हात घातला आणि मागून एक लांबट बोचकं ओढून काढलं. चिठ्ठी सुटून जमिनीवर पडली. बोचक्यावर प्लॅस्टिक होतं आणि आत तेलाने पिवळं झालेलं सुती कापड. हमझाने ते भुईवर बसूनच उलगडलं.

दांडा झगझगीत होता. त्याने तो उजेडाकडे नेला, हळूहळू फिरवला, आणि आठही उंचवट्यांवरून अंगठ्याचं नख ओढत गेला. नख कुठेच अडकलं नाही. कुठे ठिपका नव्हता, डाग नव्हता. त्याने खात्री करायला पुन्हा पहिल्यापासून नख ओढलं.

“तेल कुठलं लावलंस?”

“मशीनचं. मिरगाच्या आधी कोयती, विळी, मशीन, सगळ्यांना लावते. मग याला काय वेगळं पाडू? गंजलेलं लोखंड घरात नको मला.”

“सांगितलं नायस कधी.”

“तुमी विचारलंत कधी?”

हमझाला एकदम भरून आलं. ज्याला तो अकरा वर्षं मेलेलं समजून झाकून बसला होता, त्याची ही बाई दर वर्षी मालिश करत होती. त्याने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं. माळ्यावर धूळ फार झालीय, असं काहीतरी तो पुटपुटला. फातिमाने ते ऐकून घेतलं.

मग त्याने तिला सगळं सांगितलं. मॅडमचे पन्नास हजार, तीनदा खोडलेली मजुरी, शुक्रवारची मुदत. बोलता बोलता तो म्हणाला, “हा कॅम मी त्यांना असाच देऊन टाकतो. काम तर मिळेल.”

“फुकट कशाला?” फातिमा म्हणाली. “फुकट शिवून दिलेल्या कपड्याला कोण नीट घडी घालतं? मजुरी पण पुरी लावा. मी शिलाई कमी केली की बायका शिलाईतच खोट काढतात. कोइंबतूरचा दांडा काढून किती होतात?”

“मजुरी सोळा धरून साडेत्रेचाळीस.”

“म्हणजे साडेसहा उरले. सहा या लाटण्याचे लावा. पाचशे त्या पोरीकडे पेट्रोलला राहूदेत.”

“सत्तावीस हजारांची वस्तू आहे, गो.”

“सत्तावीसची त्या कोइंबतूरवाल्याची. ही घरची हाय.”

हमझाने तिथूनच नीरजाला फोन लावला. आपल्याकडे एक दांडा आहे, नवाकोरा, न वापरलेला, एवढंच त्याने सांगितलं. मग आकडे वाचले. पलीकडे कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. ती बेरीज करत असणार.

“एकोणपन्नास हजार पाचशे,” ती म्हणाली. “पण मजुरी परत सोळा कशी झाली? सकाळी तर आठसुद्धा खोडले होते.”

“सकाळी माझं चुकलं होतं.”

“आणि स्प्रिंगा?”

“नव्या. त्यात काय बदल नाय.”

ती मोकळी हसली. या वेळचं हसू फोनमधूनही पुरतं कळलं. “उद्या सकाळी गाडी आणून लावते. शर्यत जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आहे, त्याआधी मला थोडी चालवायला मिळू दे.”

“मिळेल,” हमझा म्हणाला आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हातातल्या दांड्याकडे बघत राहिला. तो खूश होता, आणि ते लपवायची त्याला आज गरज वाटत नव्हती. कोल्हापूरला हेड कुणाकडे द्यायचं, कुठली हत्यारं पेटीतून काढून साफ करायची, हे त्याच्या डोक्यात सुरूही झालं होतं.

फातिमा जमिनीवर पडलेली चिठ्ठी उचलत होती. तिने कानामागची पेन्सिल काढली आणि चिठ्ठी गुडघ्यावर सपाट केली, तेव्हा हमझाला ती पहिल्यांदा नीट दिसली. वर त्याचं नाव होतं. खाली एकाखाली एक तारखा होत्या. डिसेंबर २०१५. डिसेंबर २०१६. त्याखाली सतरा, त्याखाली अठरा. प्रत्येकीवर एक सरळ रेघ मारलेली. तिने चिठ्ठी उलटली; एक बाजू भरली म्हणून पुढच्या तारखा मागे लिहिल्या होत्या. अशा दहा तारखा खोडलेल्या होत्या. अकरावी, या वर्षीची, अजून तशीच होती.

“राजिवड्यात कुणाची तारीख खोडली नाय मी,” फातिमा म्हणाली. “एक तुमचीच.”

हमझा तिच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिला.

“यात नुसता महिना हाय. दिवस सांगा.”

“वीस,” तो म्हणाला.

तिने डिसेंबरच्या आधी अठरा लिहिलं. दोन दिवस हाताशी ठेवायची तिची जुनी रीत होती. मग तिने दांडा त्याच्या हातातून घेतला, पुन्हा त्या तेलकट कापडात गुंडाळला, चिठ्ठी टाचणीने पक्की लावली आणि बोचकं उचलून मधल्या खणात ठेवलं.

“हात धुवा,” ती म्हणाली. “भाकरी निवाली.”