विनी पास्कोचं गव्हाचं रान

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मरे नदीला पूर आला आणि आमच्या वारंबी फुटबॉल क्लबचं मैदान गोलच्या खांबांसकट पाण्याखाली गेलं. उरलेले सामने कुरॅक गावात खेळा, असं लीगनं कळवलं. कुरॅकवाल्यांशी आमचं आजोबांच्या काळापासून वाकडं. क्लबच्या सभेत लीगचं पत्र वाचून दाखवत होते. तेवढ्यात चहा ओतणारी विनी पास्को किटली खाली ठेवून म्हणाली, "माझं टेकाडावरचं रान घ्या."

नवरा गेल्यापासून शेती तीच बघायची. तिचा दीर क्लॅरी आमचा कॅप्टन. तोच आधी गडबडला. "अहो वहिनी, तिथे गहू घोट्याएवढा आलाय."

"भावजी, तो मीच पेरलाय. गहू परत पेरता येईल. तुम्ही एकदा कुरॅकला खेळायला लागलात, की तिथलेच होऊन जाल."

आम्ही मेंढ्या सोडून गहू चारला, ट्रॅक्टरनं रूळ फिरवला आणि निलगिरीची सरळसोट झाडं तोडून खांब उभे केले. जमिनीचा उतार मात्र हटेना.

पहिल्याच सामन्याला कुरॅकचा संघ आला. त्यांच्या कॅप्टननं विचारलं, "हे मैदान आहे की घसरगुंडी?"

"शेवटच्या डावात सांगतो," क्लॅरी म्हणाला. नाणेफेक त्यानं जिंकली होती, आणि दर डावाला बाजू बदलते हे हिशेबात धरून चौथ्या, शेवटच्या डावातला उतार आमच्या वाट्याला ठेवला होता. दमलेले कुरॅकवाले चढावर धापा टाकत राहिले आणि आम्ही एका गोलनं जिंकलो.

पूर ओसरला, पण जुन्या मैदानावर परत जायचं कुणी नावही काढलं नाही. पुढच्या सभेत विनीनं ते रान क्लबच्या नावावर करून दिलं.