सात दिवस रडायचं नाही

"पानी चढला रेऽऽ! बांदावर याऽऽ!"

ही हाक जनीनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. उधाणाच्या भरतीची सकाळ होती, खाडीवर धुकं बसलं होतं, आणि त्या धुक्याच्या पलीकडून कुणीतरी असं ओरडलं की चुलीवरचं आधण टाकून ती दारात धावली. सासू ओट्यावर पाटा धूत होती. ती हसायला लागली.

"भिऊ नको गो. त्यो माजा भाऊस, कान्हू. पल्याडच्या बांदाची राखन करतो. देव शंख कराया बसला व्हता, हात चुकला नि मानूस झाला."

त्याला बारा वर्षं झाली. खाडीला भरत्या आल्या नि गेल्या, मिठागरात मिठाचे ढीग उभे राहिले नि होड्यांत भरून गेले. आणि पाटा धुताना हसणारी ती धोंडुबाई आता घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालू लागली.

तिचा एक डोळा लहानपणीच देवीच्या साथीत गेला होता. राहिलेल्या एकावर तिनं पन्नास वर्षं मिठागर ओढलं. उन्हातलं मीठ म्हणजे पांढरा जाळ. खाली बघावं तर जाळ, वर बघावं तर त्याहून मोठा. त्या जाळात उभी राहून ती मीठ ओढायची नि ओव्या म्हणायची. मग कधीतरी त्या डोळ्यात साय धरली. आधी खाडीपलीकडचा डोंगर गेला, मग अंगणातली शेवग्याची फांदी गेली, मग ताटातला भात नि ताट एक झालं. मोरूनं, तिच्या लेकानं, दारापासून विहिरीपर्यंत सुंभाची दोरी बांधून दिली. त्या दोरीला धरून ती जायची-यायची. जनी नि मोरू मिठागरात गेले की घरात ती एकटी. एकदा चूल विझली म्हणून फुंकायला वाकली, तर पदर पेटला. शेजारणीनं धाव घेतली म्हणून वाचली.

गोवा मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात पेणच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. मुंबईचे डॉक्टर मोतीबिंदू फुकट कापणार, पेणची माणसं जेवण-पथारी बघणार. कुणी दुकानदार, कुणी मास्तर, अशी माणसं गावोगाव सांगत फिरली. कान्हूनं ऐकलं नि तडक होडी घालून आला.

"डोल्यात सुरी घालतात म्हनं!" धोंडुबाई कडाडली. "माजा डोला हाय, का ताटातला मासा?"

"मासा असता तं कवाच कालवनात घातला असता. ऊठ!"

"नाय यायची."

"मग उचलून नेईन."

"उचल की! साठ वरसांचा झालास. बगते तुजी हाडं."

त्यानं खरंच उचललं. ओहोटीच्या मांडीभर चिखलातून, बहिणीला पाठीवर घेऊन, गडबच्या मोठ्या रस्त्यापर्यंत तो चालला. ती पाठीवरून शिव्या देत होती नि तो धापा टाकत हसत होता. मागून बोचकं घेतलेली जनी दोघांना बघून हसून हसून बेजार. गडबला एका ट्रकवाल्यानं दोघींना पुढं बसवलं. कान्हूचा तांबडा पटका चिखलानं काळा झाला होता.

"पट्टी सोडतील तवा मी समोर उबा रानार," तो खालून ओरडला. "आदी माजा तोंड बग, मंग बाकीचा जग!"

"तुजा तोंड बगाया डोला कशाला वाया घालवू रं मेल्या!"

ट्रक निघाला.  धोंडुबाई स्वतःशीच गुणगुणली,

"खाडीपल्याड माजा भाऊ, मदी पान्याची गो वाट,
त्याच्या होडीच्या वल्ह्याला माज्या माहेराची गाट."

शाळेच्या वर्गातले बाक बाहेर काढून भुईवर पेंढा पसरला होता. त्यावर चटया, चटयांवर चौदा म्हातारी माणसं, दोन रांगांत उताणी. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. धोंडुबाईचा डोळा गुरुवारी कापला. डॉक्टर म्हणाले, छान झालं. आणि दुसऱ्या दिवशी ते रोह्याला गेले, तिथंही साठ माणसं वाट बघत होती. पट्ट्या सोडायला ते पुढच्या गुरुवारी परत येणार होते. तोवर सगळा भार विमलबाईंवर. त्या पेणच्याच, मुलींच्या शाळेत शिकवायच्या. सुट्टी घेऊन आठवडाभर इथं राहिल्या होत्या, पेज भरवत, शौचाची भांडी देत, घेत.

"नीट ऐका," त्या वर्गात शिकवल्यासारखं म्हणाल्या. "डोळ्यात केसाएवढा टाका आहे. हलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. डोक्यावरून पाणी नाही. खोकायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही. सात दिवस. टाका सुटला तर डोळा गेला, मग ब्रह्मदेव आला तरी परत नाही."

"बाई, श्वास घेतला तर चालंल का?" शेजारच्या चटईवरून गागोद्याचे दाजी म्हणाले. भाताची शेती करणारा, वाळका, तोंडाळ म्हातारा.

वर्गभर हसू फुटायला आलं नि चौदा माणसांनी ते दातांखाली धरलं. विमलबाई रागावल्या, मग स्वतःच तोंड फिरवून हसल्या.

"दाजीनू," धोंडुबाई म्हणाली, "माजा डोला गेला तं तुमचा काडून घेईन."

"घ्या. पन त्यो तुमाला माजी भांडकुदळ बायको दाखवंल."

असे दोन दिवस बरे गेले. धोंडुबाई हळू आवाजात ओव्या म्हणायची, दाजी मध्येच खोड्या काढायचे. जनी तिला चमच्यानं पेज भरवायची, तळपायाला तेल चोळायची.

शनिवारी ऊन वर आलं नि दारात रघू उभा राहिला. कान्हूच्या शेजारचा. छातीपर्यंत चिखल, तो अंगावरच वाळून तडकलेला. जनी आतल्या कोपऱ्यात वाटी विसळत होती. तिनं काही विचारायच्या आत तो दारातूनच बोलला.

"जने, कान्हूमामा गेला गो. पाटं उदानाला बांद फुटला. चिखल लोटता लोटता पान्यातच बसला, तो बसलाच."

जनीनं वाटी टाकली, धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात दाबला नि त्याला व्हरांड्यात ओढला. मग मागं वळून बघितलं. धोंडुबाईचं तोंड अर्धवट उघडं, छाती संथ वर-खाली. निजलेली. तेवढ्यात दाजी उगाच मोठ्यानं बोलायला लागले, गागोद्याच्या आंब्यांना यंदा मोहोर कसा आलाय ते. त्यांचा आवाज कापत होता. जनीला कळलं, दाजींनी ऐकलंय.

विमलबाई धावत आल्या. रघूनं पुन्हा सांगितलं. मोरू परस्पर मयताला गेला होता.

"बाय, तिला सांगाया पायजे," जनी म्हणाली. "पाठचा भाऊस हाय. तिनंच कडेवर वाडवला त्याला. तोंड तरी बगूं..."

बघू दे, असं म्हणता म्हणता ती थांबली. कशानं बघणार होती?

"जनी, मला कळत नाही का गं?" विमलबाईंचे स्वतःचे डोळे भरले होते. "पण आज तिसरा दिवस. तिला दुसरा डोळा नाही. आत्ता रडली तर जन्मभर दोरी धरून चालेल. चार दिवस थांब. मी हात जोडते तुला."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. शिकलेल्या बाईनं आपल्याला हात जोडलेले जनीनं कधी पाहिले नव्हते. ती हो म्हणाली.

सुतकाचं न्हाणं तर चुकवता येईना. शाळेच्या मागच्या विहिरीवर, पौषाच्या थंडीत, तिनं डोक्यावरून दोन बादल्या ओतून घेतल्या नि तिथंच पाण्याच्या आवाजाआड रडून घेतलं. आत येऊन सासूच्या उशाशी वाकली तर केसातला थेंब धोंडुबाईच्या मनगटावर पडला.

"न्हालीस?"

"व्हय आये. केस चिकाट झालेले."

धोंडुबाईनं थेंब दुसऱ्या हाताच्या बोटानं पुसला.

त्या दिवसापासून ओव्या बंद झाल्या. घसा दुखतो म्हणाली. पेज दोन चमचे. दाजी काही बोलले तर नुसती हुं. आणि कान्हूचं नावच नाही! आधी दिवसातून चारदा विचारायची, मेला आला का, मेल्यानं होडी विकली का. आता शनिवार गेला, रविवार गेला, एका शब्दानं विचारलं नाही. जनीला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग वाटू लागलं, ही रुसली. भाऊ भेटायला आला नाही म्हणून आत कुढतेय. कुढणंही डोळ्याला वाईटच असेल. काय करावं? विचारायचं कुणाला? विमलबाई चुलीपाशी, मोरू तिकडं बांधावर, आणि मेलेल्या माणसाला कुठून आणायचं?

सोमवारी सकाळी तिच्या तोंडून ते आपोआप निघालं.

"आये, मामा येऊन गेले."

धोंडुबाईचा हात चटईवर होता. तो तसाच राहिला.

"कवा?"

"मगाशी. तुमी निजलेल्या. दारातच उबे रायले, पाय चिखलाचे म्हनून. तुमाला बगून हसले. म्हनले, बग कशी रानीवानी पडलीय. बांदाचा काम टाकून आलो, म्हनून लगेच गेले."

शेजारच्या चटईवर दाजींनी खोकला आल्यासारखं केलं नि दाबला.

"हसला?" धोंडुबाईनं विचारलं.

"व्हय, चांगले हसले."

"डोईला काय व्हता?"

"तांबडा पटका. तोच."

"बरा," धोंडुबाई म्हणाली. "बरा झाला, येऊन गेला."

तिनं त्या सकाळी अर्धी वाटी पेज घेतली. जनीच्या मनावरचं ओझं उतरलं. तीन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी सगळा वर्ग निजला, विमलबाईही भिंतीला टेकून पेंगल्या, तेव्हा जनी व्हरांड्यातल्या खांबाला टेकली नि उन्हात गाढ झोपली. अशी झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

"दुकता का काय आये?" ती नंतर रोज विचारायची.

"नाय गो," धोंडुबाई म्हणायची.

गुरुवारी डॉक्टर रोह्याहून आले. दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. पट्ट्या सुटू लागल्या. पहिली बाई स्वतःच्याच हाताकडं बघत राहिली. दाजींची पट्टी सुटली तर ते भिंतीवरचा फळा बघून ओरडले, "अरे, यावर तर कायतरी लिवलंय! मला वाचता येत नाय, पन दिसतंय!" आता हसायला मोकळीक होती. वर्ग हसला. जनीही हसली. तिनं धोंडुबाईचे केस नीट केले, पदर सारखा केला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. कापूस उचलला. त्यांनी बॅटरी मागितली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"आजी, उजेड दिसतो?"

"कुटं?"

"हा. इथं."

"नाय बाबा."

"दुखत होतं का?"

"सोमवारधरनं."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. "टाका सुटलाय," ते विमलबाईंना हळू म्हणाले. "आतलं बाहेर आलंय. डोळा दाबला गेलाय. माझ्या हातात आता काही नाही."

विमलबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या जनीकडं वळल्या.

"तू सांगितलंस तिला!"

"नाय बाय."

"मग टाका आपोआप सुटला? हात जोडले होते मी तुला. चार दिवस, फक्त चार दिवस मागितले होते गं!"

"नाय सांगितला बाय, माज्या पोरांची शप्पत..." वर्गातली माणसं नव्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती.

"असू द्या, विमलताई," डॉक्टर म्हणाले. "आता कुणाला बोलून काय होणार?" ते उठले नाहीत. बॅटरी हातात धरून तसेच बसून राहिले.

"तिला बोलू नका, बाय," धोंडुबाई म्हणाली.

ती उठून बसली होती. सात दिवसांत पहिल्यांदा. तिनं चाचपत जनीचा हात शोधला नि मांडीवर घेतला.

"रघ्या दारात आला तवा मी जागीच व्हते. सगला आयकला. शनवार थांबले, आयतवार थांबले. दातात पदर धरून पडले. म्हनला, कान्हूनं पाठीवर आनलान, तं डोला घेऊनच जाईन. मंग ह्या पोरीनं सांगितला, मामा दारात येऊन हसून गेला. खोटा हाय ता ठाव व्हता मना. पन कसा हसतो तो, ता मना दिसला गो. लख्ख दिसला. मंग नाय रावला. तुमी समदी निजलेली. एकच दुपार, बाय. पालथी पडून एकच दुपार रडले."