कागदाचा सदरा

लियाओबाई रोज सकाळी माझ्या दुकानात तांदळाच्या शेवया खायला यायची. मी तिला शिळं कधी दिलं नाही, पण हसूनही कधी दिलं नाही. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, माझ्या तोंडून तो शब्द निघत नाही. मी सहा वर्षांची असताना हीच बाई, तेव्हाची कुटुंबनियोजन अधिकारी, चार माणसं घेऊन आमच्या दारात उभी राहिली होती. आईला सातवा महिना होता. सरकारची परवानगी एकाच मुलाची, आणि ती मी वापरून बसले होते. त्यांनी छपराची कौलं उतरवली, डुक्कर नेलं आणि आईला ट्रॅक्टरवर बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी आई चालत परत आली.

मुलगा होता की मुलगी, हे तिला कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून दर छिंगमिंगला, पितरांसाठी कागदी कपडे जाळायच्या दिवशी, ती दोन नग आणते. एक सदरा, एक झगा. जे असेल ते आपापलं घेईल, म्हणते.

त्या काळी लियाओबाईनं आमच्याच भिंतीवर चुन्यानं लिहवून घेतलं होतं, 'एकच मूल बरं, म्हातारपण सरकार बघेल.' मागच्या वर्षी सरकारी साहेब त्यावर नवा हात मारून लिहून गेले, 'तीन मुलं, घराला शोभा.' वर मला चाळिशीत विचारतात, तुम्हाला एकच का? मी त्या साहेबांना शेवया संपल्या म्हणून सांगितलं.

लियाओबाईलाही एकच मुलगा. दोंगग्वानच्या कारखान्यातून नववर्षाला घरी येताना बस उलटली, त्यात तो गेला. पाठोपाठ नवरा गेला. या हिवाळ्यात ती न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. वृद्धाश्रमात जागा होती, पण फॉर्मवर अपत्याची सही हवी. तिनं एकाच मुलावर थांबल्याबद्दल मिळालेलं लाल सन्मानपत्र पुढे केलं. कारकुनानं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, आजी, हे सही करत नाही.

म्हणून एका दुपारी ती काठी टेकत आली. दुकान रिकामं होतं. वाडगा संपवल्यावर तिनं फॉर्म टेबलावर ठेवला.

"लान, मुलगी म्हणून तू सही कर. मेले तर त्यांना कुणाला तरी फोन करता यायला हवा, एवढंच."

माझ्या डोक्यात सणक गेली. "माझ्या आईचं दुसरं आज चौतीस वर्षांचं असतं. त्याची घ्या सही."

ती उठली नाही. तेवढ्यात मला सुचलं. आई पंच्याहत्तरीला आली, आणि त्या दिवशी दवाखान्यात असलेली गावात ही एकच बाई उरली होती.

"करते सही. आधी सांगा, मुलगा होता की मुलगी?"

तिनं काहीही सांगितलं असतं तरी मला खरंखोटं कळणार नव्हतं. हे तिलाही ठाऊक होतं. तिनं रिकामा वाडगा बाजूला सारला.

"आठवत नाही गं," ती म्हणाली. "त्या दिवशी अकराजणी होत्या."

तिच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. तरी मी सही केली. का केली, ते अजून मला नीट सांगता येत नाही. नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं, फॉर्म तिच्याकडे सरकवला आणि उद्यापासून इथे यायचं नाही, असं बजावलं. ती काठी टेकत गेली.

घरी आई मिरच्यांची देठं काढत होती. तिला मी खरं सांगायला हवं होतं.

"लियाओबाईला विचारलं आज," मी म्हणाले. "मुलगी होती."

आईचे हात थांबले. "तिला आठवतंय?"

"हो."

"तुझ्यासारखीच असणार," आई म्हणाली आणि पुन्हा देठं काढू लागली. "तुला सोबत झाली असती." मग मिरचीचेच हात डोळ्यांना लावून रडली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

या छिंगमिंगला तिनं फक्त झगा जाळला. दोन्ही नग आधीच आणून ठेवले होते. सदरा दुकानदाराला परत कर म्हणाली. मेलेल्यांचे कपडे कोण परत घेतो? दुकानात वाडग्यांच्या कपाटात वरच्या फळीवर तो घडी घालून ठेवलाय. जाळायला गेले तर आईला कळेल, टाकून द्यायला हात होत नाही.

आणि मुलगाच असला, तर या वर्षी तो तिकडे उघडाच आहे.