पहिला धोका

माणिकपूरची लॅब एकही रिपोर्ट न रखडवता बोळिंजला हलवायची होती. ते जमलं तर नवी शाखा सांभाळायला हे काम पाहणाऱ्या रोवेना डाबरेला मिळणार होती, आणि मॅनेजर चुरींना ती मेहुण्याला द्यायची होती.

बैठकीत तिची धोक्यांची यादी वाचताना चुरींनी चष्मा काढला.

"'मॅनेजर ऐन वेळी तारीख बदलतात.' हे काय, मॅडम?"

"पहिला धोका, सर. चारदा झालंय."

"असं? मग जबाबदार कोण, ते लिहायचं राहिलं. लिहा, रोवेना डाबरे. लिहिलंत? आता तारीख बदला. पंधराऐवजी आठ. नाही जमलं, तर तुमचं नाव कागदावर आहेच."

बाकीचे सगळे एकाएकी चहात रमले.

रोवेनाने निमूट नाव घातलं. जबाबदारी तिची, म्हणजे शेजारचा 'उपाय' हा रकानाही तिनेच भरायचा. तिथे तिने लिहिलं : 'तारखेचा निर्णय मॅनेजरांना वगळून थेट मालकीणबाईंनी घ्यावा.'

चुरींनी खाली सही ठोकली आणि यादी मंजुरीसाठी मालकीणबाईंकडे पाठवली. एकदा वाचलेला कागद पुन्हा वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे.

संध्याकाळी मालकीणबाईंचं उत्तर सगळ्यांना आलं. तारीख पंधराच राहील, उपाय मंजूर आहे, आणि चुरींनी स्वतः सही करून दाखवलेला मोठेपणा आवडला.