बदकांवरचा राखाडी कागद

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. शाळेत असते ती मोजायची पट्टी नव्हे. भिंतीवरचा जुना कागद खरवडून काढायची, पोलादी पात्याची आणि लाकडी मुठीची. माणसं रागावली की एकमेकांची खरडपट्टी काढतात. मी फक्त भिंतींची काढली, तीही कधी न रागावता.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका पत्र्यातून आम्हा बहिणींना धडाधड कापून काढलं आणि खोक्यात भरलं. एका रंगाऱ्याने मला दुकानातून घरी नेलं आणि पहिल्याच दिवशी दगडावर घासून माझे दोन्ही कोपरे गोल केले. मला वाटलं, झालं, जन्मतःच वाया गेलो आपण. पण टोकदार कोपरा गिलाव्यात रुततो, भिंतीला खड्डा पडतो आणि काम दुप्पट होतं, हे मला पुढे कळलं.

या रंगाऱ्याचं टोपणनाव होतं ‘सावकाश’. घरमालक घाई करू लागला की तो एवढा एकच शब्द बोलायचा. कोमट पाण्यात थोडा साबण घालून तो स्पंजाने कागद भिजवायचा आणि मग स्टुलावर बसून राहायचा. कागदामागची खळ मऊ झाली की मला कागदाच्या सांध्यात आडवी सरकवायचा. सबंध पट्टा सालीसारखा खाली यायचा. लोक म्हणायचे, “हात आहे की लोणी?” त्याचा एक नियम होता. जुना कागद काढल्याशिवाय वर नवा चिकटवायचा नाही. चिकटवलाच, तर दोन्ही एक दिवस भिंतीला घेऊन पडतात.

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि तोही स्वतःच्या घरी.

त्याच्या न्हाणीघरात बायकोने निवडलेला कागद होता, पिवळ्यावर निळी बदकं. त्याला तो मुळीच आवडला नव्हता. “न्हाणीघरात बदकं?” असं त्याने विचारलं होतं. “मग काय, स्वयंपाकघरात लावू? पाणी असेल तिथेच बदकं असणार,” असं तिने सुनावलं होतं. पुढे ती आजारी पडली आणि गेली. तिसऱ्या आठवड्यात त्याने मला बाहेर काढलं. भिंत भिजवली, नेहमीसारखा थांबला, मला सांध्याला लावलं. मी वाट पाहत होते. बऱ्याच वेळाने त्याने मला न वापरताच डब्यात ठेवलं आणि बदकांवर राखाडी कागद चिकटवून टाकला.

महिन्याने त्याची मुलगी परगावाहून आली. तिने न्हाणीघराचं दार उघडलं आणि उभीच राहिली. “आईचं एवढंही राहू दिलं नाहीत, बाबा,” ती म्हणाली. त्याने पुढे होऊन दार लावून घेतलं. मला सगळं ठाऊक होतं, पण हत्याराला कोण विचारतं?

त्यानंतर सहा वर्षं ती फोनवर फक्त तब्येत विचारायची. मग एके सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली आणि ती राहायला आली. मी पलंगाखाली, डब्यात, दगड झालेल्या ब्रशांशेजारी पडून होते. माझी धार बोथट झाली होती, अंगावर गंज चढत होता. खरं सांगायचं तर मला त्या गंजाचं वाईटही वाटत नव्हतं. त्या घरात कुणालाच फारसं काही वाटत नव्हतं. ती त्याला रोज अंघोळ घालायची. तो डोळे मिटून बसायचा, ती नळाकडे बघत पाणी ओतायची. शेजारीण “कशी आहेस?” म्हणाली की ती “ठीक” म्हणायची.

त्याला एकट्याला अंघोळ करता यावी म्हणून तिने भिंतीला धरायचा दांडा बसवायचं ठरवलं. दांडेवाल्याने भिंतीवर टकटक केली आणि मान हलवली. “ताई, आत हवा भरलीये. आधी हा कागद काढा. मागे भिंत आहे की लगदा, ते बघितल्याशिवाय मी भोक पाडणार नाही.”

तेव्हा मी डब्यातून बाहेर आले. ती मला कोरड्या कागदावर दोन्ही हातांनी रेटू लागली. कपच्या उडाल्या, हात खरचटला, तरी ती थांबेना. तो दारात स्टुलावर बसला होता.

“आधी भिजव,” तो म्हणाला. “मग थांब.”

“किती?”

“सावकाश.”

तिने भिजवलं. दोघं बसून राहिली. मग तिने मला सांध्यात सरकवलं आणि राखाडी कागदाचा पट्टा अख्खा खाली आला. मागे निळी बदकं होती, सगळीच्या सगळी, रांगेत.

तिचा हात थांबला. “काढला नव्हतात तुम्ही?”

“हात उचलेना,” तो म्हणाला. “तेव्हा तर चांगला होता हात.”

“सांगायचं तरी.”

“तुलाही ती दिसायला नकोत, असं वाटलं. मलाही.”

ती खाली बसली. रडली नाही. पण बदकंही काढायलाच हवी होती, कारण त्यांच्या मागेच गिलावा फुगला होता. तिला ते करवेना. त्याने डावा हात पुढे केला आणि मला घेतलं. डाव्या हाताची मला सवय नव्हती, मी तीनदा घसरले. तिने स्पंजाने भिजवायचं, त्याने खरवडायचं, असं दुपारभर चाललं. एक बदक अख्खं निघावं म्हणून ती धडपडली, पण त्याचाही ओला लगदा झाला. तो तिने उगाच थोडा वेळ मुठीत धरून ठेवला.

मग भिंत वाळली. सैल गिलावा पाडून नवा भरला, पुट्टी लावली, काचकागद मारला, रंग चढला. दांडेवाला आला, दांडा बसवून त्याला स्वतः लोंबकळून बघून गेला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्यावर नवं चिकटवून मोकळे होऊ नका. भिजवा, थांबा, मग काढा. आणि काम झालं की आम्हाला कोरडं पुसून ठेवा, कारण गंजाला बोलावणं लागत नाही.

दांडा बसल्यावर पहिल्या दिवशी तो न्हाणीघरात एकटा गेला. दार लागलं, आतून कडी बसली. ती बाहेर टॉवेल घेऊन उभी होती. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला सुचेना. मग तिने मला उचललं, पुसलं आणि पात्याला तेलाचं बोट लावलं. आत पाणी सुरू झालं तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. तिने तेही पुसलं.

“सावकाश, बाबा,” ती दाराकडे बघून म्हणाली.

“घाई कुणाला आहे,” आतून तो म्हणाला.